बंद झालेल्या नंबरांचे वारस

सेट चालू आहे, पण स्टेशन लागत नाही. स्पीकरमधून बारीक फुसफुस येते, आवाजाचं बटण फिरवलं की ती वाढते, डायलचा दिवाही पेटतो. मुंबई ब नाही, रत्नागिरी नाही, रात्री शॉर्टवेव्हवर कोलंबोही नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला एवढं ऐकूनच कळतं की ऑसिलेटर बसला आहे. अँप्लिफायर ठणठणीत, स्पीकर ठणठणीत, फक्त आत जो ठेका चालू राहायला हवा तोच थांबलेला.

याची खात्री करायला महागडं उपकरण लागत नाही. दुसरा एक धडधाकट रेडिओ शेजारी ठेवायचा आणि त्यावर मुंबई अ, म्हणजे १०४४ किलोहर्ट्झ लावायचं. आता आजारी सेटचा काटा हळूहळू ५८९च्या आसपास हलवायचा. बहुतेक सेटमध्ये आतला ऑसिलेटर हव्या असलेल्या स्टेशनाच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. त्यामुळे काटा ५८९वर आला की ऑसिलेटर १०४४वर चालतो, आणि शेजारच्या सेटमध्ये मुंबई अच्या निवेदकाच्या आवाजावर शीळ चढते. काटा जरा इकडेतिकडे केला की शिळेचा सूर खालीवर होतो. शीळ आली तर दोष दुसरीकडे शोधायचा. शीळ नाही, म्हणजे ऑसिलेटर मेला.

ही युक्ती मला म्हसळ्याच्या बाजारपेठेतल्या एका चाचांनी दाखवली. त्यांच्या दुकानात माझ्या लहानपणी दोन तऱ्हेचे सेट यायचे. एक इथले, मर्फी, बुश, फिलिप्स, लाकडी पेटीतले आणि नंतर प्लास्टिकचे. दुसरे आखातातून आलेले. म्हसळा-श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान घरांतला एखादा तरी माणूस दुबईला, कुवेतला, बहरीनला असायचा आणि सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायचा. देशी सेटच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. आखाती सेटला नकाशा नाही, दुकानात डेटा बुक नाही, आणि ट्रान्झिस्टरवर नुसतं ‘सी ९४५’ छापलेलं. जपानी कंपन्या सुरुवातीचं ‘२एस’ अंगावर छापतच नाहीत, हे ज्याला माहीत नाही तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवर ‘सी ९४५’ मागत हिंडायचा.

चाचा हिंडत नसत. ते नंबर सोडून पार्टच्या कामाचा विचार करत. ‘अरे, हा आत काय करतो ते सांग पहिलं,’ असं विचारत आणि उत्तर चुकलं तरी रागावत नसत. ऑसिलेटरच्या बाबतीत हा प्रश्न टाळून चालतच नाही, कारण त्या जागी ‘साधारण तसाच’ पार्ट चालत नाही. पॉवर सप्लायमध्ये थोडा मोठा डायोड बसवला तर काही बिघडत नाही. स्पीकरला जोडलेल्या ट्रान्झिस्टरच्या जागी त्याच जातीचा दुसरा बसवला तर आवाज थोडा बदलेल, एवढंच. ऑसिलेटरमध्ये चुकीचा पार्ट बसला तर दोनच गोष्टी होतात. एक तर तो सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होऊन चुकीचं बोलतो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट.

ऑसिलेटर म्हणजे काय, हे पडवीतल्या झोपाळ्यावरून पटकन कळतं. झोपाळा एकदा सोडला की तो थोड्या वेळाने थांबणार. प्रत्येक फेरीला, नेमक्या क्षणी, पायाने बारीकसा रेटा दिला तर तो चालू राहतो. रेडिओत कॉइल आणि गँग कंडेन्सर मिळून झोपाळ्याचं काम करतात; किती वेगाने झुलायचं ते त्यांच्यावर ठरतं. रेटा देण्याचं काम ट्रान्झिस्टरचं किंवा व्हॉल्व्हचं. बदली पार्ट शोधताना पहिला निवाडा हाच करायचा: मेलेला भाग वेग ठरवणारा होता की रेटा देणारा? रेटा देणाऱ्याला पर्याय पुष्कळ असतात. वेग ठरवणाऱ्याला फार थोडे.

लाल गाभ्याची बारीक कॉइल हे वेग ठरवणाऱ्याचं उदाहरण. ट्रान्झिस्टर रेडिओच्या पाटीवर पत्र्याच्या चौकोनी डब्या असतात, वरून पेचकस घालून फिरवता येईल असा गाभा असतो. पिवळा, पांढरा, काळा गाभा ४५५च्या आयएफच्या डब्यांचा, लाल ऑसिलेटरचा. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत या लाल डबीतली केसासारखी तार पायाजवळ हिरवी पडून तुटते. बाजारात तशी डबी मिळाली तरी तिच्या फेऱ्या आपल्या गँगशी जुळतीलच असं नाही. न जुळल्या तर डायलवर ६००ला जे लागायला हवं ते ७००ला लागतं आणि वरच्या टोकाला काहीच लागत नाही. म्हणून शहाणा मेकॅनिक नवी डबी शोधण्याआधी जुनी उघडतो, तुटलेलं टोक भिंगाखाली पकडतो, ब्लेडने इनॅमल खरवडतो आणि डाग देतो. वेग ठरवणारा मूळचाच भाग वाचला तर पुढचे सगळे प्रश्न मिटतात.

रेटा देणाऱ्यांचा इतिहास मात्र रंगतदार आहे. व्हॉल्व्हच्या जमान्यात हे काम ईसीएच ८१ करायचा. एकाच काचेत मिक्सर आणि ऑसिलेटर दोन्ही. अमेरिकी नावाने तोच ६एजे८. यूसीएच ८१ म्हणून आणखी एक आहे, तो आतून त्याच्यासारखाच. फरक फक्त तापणाऱ्या तारेचा. ईसीएचला ६.३ व्होल्ट लागतात, यूसीएचला १९. ज्याला हे माहीत नाही तो पिन जुळल्या म्हणून ईसीएचच्या जागी यूसीएच खोचतो, तार नीट लालही होत नाही आणि नव्या व्हॉल्व्हला तो खराब म्हणून फेकतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियम ट्रान्झिस्टर. देशातल्या किती तरी घरांतले आवाज त्या कारखान्यावर चालले. तो माल बंद झाल्यावर उरले ते दुकानांच्या फळ्यांवरचे जुने खोके.

सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये एएफ ११७ हमखास भेटतो. पत्र्याची उभी डबी, खाली चार पाय. चौथा पाय डबीच्या कवचाला जोडलेला असतो, आणि सर्किटमध्ये तो अर्थला जातो. हा ट्रान्झिस्टर न वापरता कपाटात ठेवला तरी मरतो. कवचाला आतून कथलाचा मुलामा असतो आणि वर्षानुवर्षं त्या कथलाला केसाहून बारीक धातूच्या मिशा फुटत राहतात. एखादी मिशी आतल्या तारेला जाऊन टेकली की शॉर्ट. नासाच्या अभ्यासकांनीही याच जातीच्या ट्रान्झिस्टरांच्या डब्या उघडून या मिशांचे फोटो घेतले आहेत. या आजारावरचा उपाय मला फार आवडतो: चौथा पाय कापायचा. मिशी तशीच राहते, पण कवच आता अर्थला जोडलेलं नसल्याने शॉर्ट निरुपद्रवी होतो. मिशा दोन तारांना लागल्या असतील तर मात्र इलाज चालत नाही, ट्रान्झिस्टर बदलावाच लागतो.

आणि बदलायला जर्मेनियम मिळत नाही. सिलिकॉन बसवायचा तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एएफ ११७ पीएनपी आहे, म्हणून बदलीही पीएनपीच हवा. आपल्याकडे मुबलक मिळणारा बीएफ १९४ एनपीएन, तो इथे उलटा पडतो. जर्मेनियमला जागं व्हायला बेसवर सुमारे ०.२ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ लागतात, म्हणून बेसला व्होल्टेज पुरवणारा रेझिस्टर कमी करावा लागतो. आणि आजचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर त्या काळच्या मानाने इतके तल्लख की रेटा गरजेपेक्षा जास्त बसतो आणि सेट स्टेशनाऐवजी शिट्ट्या मारू लागतो. बेसच्या वाटेवर लहानसा रेझिस्टर टाकून त्याला आवरावं लागतं. पायांचा क्रम हा आणखी एक सापळा. बीसी ५४७मध्ये मधला पाय बेसचा, बीएफ ४९४मध्ये मधला एमिटरचा, जपानी सी ९४५मध्ये मधला कलेक्टरचा. तिघेही एनपीएन, तिघांचा आकार तोच, काळ्या प्लास्टिकचा अर्धगोल. चाचा सी ९४५च्या जागी बीसी ५४७ लावताना दोन पाय एकमेकांवरून वळवून मध्ये वायरचं साल घालत. आखाती टू-इन-वन उघडल्यावर असा वळवलेला पाय दिसला की समजायचं, हा सेट आधी कुणाच्या तरी जाणत्या हाताखालून गेलेला आहे.

माणगावजवळ लोणेऱ्याला १९८९पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि आमच्या भागातली पुष्कळ मुलं इलेक्ट्रॉनिक्सकडे त्याच वाटेने गेली. राज्यभरातल्या डिप्लोमा आणि बी.एस्सी.च्या जर्नलांत एक प्रयोग पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: यूजेटी रिलॅक्सेशन ऑसिलेटर. पार्ट २एन २६४६. एक रेझिस्टर, एक कंडेन्सर आणि हा तीन पायांचा यूजेटी. स्क्रीनवर करवतीच्या दात्यांसारखी लाट. मोठ्या कंपन्यांनी हा पार्ट बनवणं केव्हाच सोडलं. प्रयोगशाळेतले जुने नग एकेक करून जळतात, नवे म्हणून बाजारातून येतात त्यांतले कित्येक नुसते नाव छापलेले निघतात, आणि प्रयोग जर्नलात मागच्या वर्षीच्या आकड्यांवर पुढे सरकतो.

हे मला सलतं, कारण इथे पर्याय सोपा आहे आणि मूळ पार्टपेक्षा जास्त शिकवणारा आहे. यूजेटीचा एक गुणांक असतो, ईटा. कंडेन्सर किती व्होल्टला पोचला की पार्ट फुटून वाहायचा, ते त्यावर ठरतं. २एन २६४६च्या डेटाशीटमध्येच ईटा ०.५६ ते ०.७५ असा दिलेला आहे. गणित करून पाहा: दहा किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले, तर एका नगाने १२००च्या पुढे हर्ट्झ मिळतील आणि त्याच नंबरच्या दुसऱ्या नगाने ७२०च्या आसपास. म्हणजे ‘ओरिजिनल’ मिळाला तरी तो आधीच्यासारखा चालेल याची हमी मूळ कंपनीनेही दिली नव्हती! आता बीसी ५५७ आणि बीसी ५४७ असे दोन ट्रान्झिस्टर घ्या. एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा पहिल्याच्या बेसला जोडा, आणि त्यातल्या पीएनपीच्या बेसला दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज द्या. झाला प्रोग्रॅमेबल यूजेटी. दोन रेझिस्टरांचं प्रमाण म्हणजेच ईटा. १८ आणि १० किलोओहम घेतले तर तो ०.६४ येतो आणि लाटेचा काळ जवळपास रेझिस्टर गुणिले कंडेन्सर एवढा. चारही भाग कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळतात. मुलांनी ईटा नुसता मोजण्याऐवजी स्वतः ठरवायचा, हा प्रयोग जर्नलात का येत नाही?

प्रयोगशाळेतल्या फंक्शन जनरेटरची गोष्ट याहून अवघड. ज्या पेटीतून साइन, चौकोनी आणि त्रिकोणी लाटा निघतात, तिच्या पोटात बहुधा इंटरसिलची आयसीएल ८०३८ असायची नाहीतर एक्झारची एक्सआर २२०६. ८०३८ बंद झाली. एक्झार २०१७मध्ये मॅक्सलिनियरने विकत घेतली आणि २२०६ही गेली. तिसरी होती मॅक्सिमची मॅक्स ०३८, वीस मेगाहर्ट्झपर्यंत जाणारी, तीही बंद. तिघींचं काम तेच, पण एक चौदा पायांची, दुसरी सोळा, तिसरी वीस. एकीला दहा व्होल्टच्या वर पुरवठा लागतो, तिसरीला अधिक-उणे पाच. एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी जाऊच शकत नाही.

इथे बनावट मालाचा सुळसुळाट आहे. दुसऱ्याच कुठल्या आयसीची पाठ घासून तिच्यावर नवा नंबर छापतात. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पाठ पुसायची. काळा रंग बोळ्यावर आला आणि खाली खरखरीत पृष्ठभाग दिसला की माल परत. अर्थात प्रत्येक नक्कल टाकाऊ नसते. एक्सआर २२०६च्या नावाने मिळणाऱ्या चिनी किटमधल्या कित्येक आयसी बऱ्यापैकी चालतात. लाटेचा आकार मात्र स्क्रीनवर स्वतः तपासून घ्यावा.

प्रामाणिक पर्याय वेगळ्याच दिशेने येतो. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी ९८३३ ही चिमुकली आयसी लाट झुलवत नाही, ती आकड्यांनी मोजून तयार करते. पंचवीस मेगाहर्ट्झचं घड्याळ दिलं की ०.१ हर्ट्झच्याही आतल्या पायऱ्यांनी वारंवारता लावता येते. या रीतीची मांडणी १९७१मध्येच प्रसिद्ध झाली होती. ती हातावर मावेल एवढी लहान आणि स्वस्त व्हायला वेळ लागला. पण एडी ९८३३च्या तोंडी जेमतेम ०.६ व्होल्टची लाट असते, तिला सांगायला मायक्रोकंट्रोलर लागतो आणि पुढे अँप्लिफायर. म्हणजे जुन्या पेटीचा डबा, बटणं, पुरवठा ठेवून आतलं काळीज नवं घालायचं. याला दुरुस्ती म्हणा किंवा नवी बांधणी म्हणा. पेटी पुन्हा वर्गात येते हे महत्त्वाचं.

मेलेला नंबर पुन्हा जन्माला येतो असंही क्वचित घडतं. सिंथेसायझरमध्ये सूर निर्माण करणारी सीईएम ३३४० ही ऑसिलेटर आयसी बंद पडून वर्षं लोटली होती. वादक आणि वाद्य बनवणारे ती मागतच राहिले, आणि २०१६मध्ये मूळ कर्टिस कंपनीने ती पुन्हा काढली. आपल्या प्रयोगशाळांची मागणी एकत्र केली असती तर यूजेटीचंही असं काही झालं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो.

क्वार्ट्झ क्रिस्टलपाशी मात्र ‘चालवून घेऊ’ हा शब्दच चालत नाही. ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा विचित्र आकडा कशासाठी? बाराने भागा, बत्तिसाने भागा, तिनाने भागा: नेमके ९६०० उरतात, संगणकाशी बोलण्याचा वेग. तो क्रिस्टल फुटला आणि जवळ बाराचा आहे म्हणून बाराचा लावला, तर उत्तर १०४१६ येतं. बोर्ड चालू होतो, दिवे लुकलुकतात आणि स्क्रीनवर अगम्य चिन्हं उमटतात. विद्यार्थी रात्र रात्र प्रोग्रॅम तपासत बसतो. चूक त्या चकचकीत पत्र्याच्या डबीत असते. क्रिस्टलवर नेमका आकडा छापलेला असला तरी तो कोणत्या लोड कपॅसिटन्ससाठी घासला आहे हे पाहावं लागतं. १८ पिकोफॅरडसाठीचा क्रिस्टल ३२च्या सर्किटात घातला तर वारंवारता सरकते. घड्याळाला ते जाणवेल, बोटीवरच्या वायरलेसला त्याहून जास्त.

हीच अडचण अवकाशात गेली तेव्हा देशाला किती मोठी किंमत मोजावी लागली, ते सांगायलाच हवं. ‘नाविक’ या आपल्या दिशादर्शक उपग्रहांच्या मालेतला पहिला, आयआरएनएसएस-१ए, १ जुलै २०१३ला उडाला. प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची तीन अणुघड्याळं, स्वित्झर्लंडहून आणलेली. रुबिडियमचा ठेका सेकंदाला सुमारे ६८३ कोटी ४७ लाख आंदोलनांचा. त्यात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तर जमिनीवर तीनशे मीटरची चूक होते. १एमधली तिन्ही घड्याळं बंद पडली. उपग्रह जिवंत, सौरपंख जिवंत, ठेका मात्र गेला. तिथे चौथा पाय कापायला कोणी जाऊ शकत नाही. बदली म्हणून ३१ ऑगस्ट २०१७ला पाठवलेला १एच उष्णतारोधक कवच न उघडल्यामुळे वाया गेला. १२ एप्रिल २०१८ला १आय वर पोचला.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने रुबिडियमचं घड्याळ स्वतः घडवलं, आणि २९ मे २०२३ला उडालेल्या एनव्हीएस-०१मध्ये ते पहिल्यांदा गेलं. घड्याळ घरचं झालं म्हणून सगळे प्रश्न सुटले असं नाही. जानेवारी २०२५मधला एनव्हीएस-०२ इच्छित कक्षेत पोचू शकला नाही. पण त्या घड्याळाचा नकाशा आता आपल्या हातात आहे.

आणि ठेक्याच्या या प्रश्नाचा संबंध आमच्या किनाऱ्याशीही आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडरची देशव्यापी योजना सुरू झाली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख यंत्रं. मोबाइलची रेंज संपते तिथून पुढे बोटीचं ठिकाण आणि संकटाची हाक उपग्रहामार्फत पोचवणारी. दिघी, श्रीवर्धनच्या कोळ्यांना याची गरज किती, हे ३ जून २०२०चं निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. त्या दिवसानंतर म्हसळा-श्रीवर्धनमध्ये वीज नव्हती, टॉवर बंद होते, आणि मुंबईतल्या मुलांना आपले आईबाप सुखरूप आहेत की नाही हे दिवसचे दिवस कळत नव्हतं.

अशा प्रत्येक यंत्राच्या पोटात एक क्रिस्टल ऑसिलेटर आहे, आणि ते खाऱ्या हवेत, बोटीच्या हादऱ्यांत राहणार आहे. दहा वर्षांनी त्याचा नंबर बंद झालेला असणार, हे भाकीत करायला ज्योतिषी नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. जाहीर पैशातून बोटींवर बसणाऱ्या यंत्रांचा सर्किट नकाशा, त्यातल्या ऑसिलेटरची वारंवारता, लोड कपॅसिटन्स, पुरवठ्याचं व्होल्टेज, एवढं तरी मर्फीच्या पुठ्ठ्यासारखं यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असावं, अशी माझी मागणी आहे. गुप्ततेचा भाग असेल तो सॉफ्टवेअरमध्ये राहू दे. क्रिस्टलचा आकडा लपवून कोणाची सुरक्षा वाढत नाही.

आणि लोणेऱ्यातल्या, अलिबागच्या, रत्नागिरीच्या, कुठल्याही प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. वर्षातला एक प्रयोग असा ठेवा की ठरलेला पार्ट खणातून काढून टाकलेला असेल. मुलांना डेटाशीट द्या, बीसी ५४७ आणि ५५७ची मूठ द्या, रेझिस्टरांचा डबा द्या आणि दोन तास द्या. जर्नलात त्यांनी काय लिहायचं तेही ठरवून द्या: मूळ पार्ट रेटा देत होता की वेग ठरवत होता, बदली कोणता निवडला, पायांचा क्रम, कोणता रेझिस्टर कितीवरून किती केला, आणि लाटेची वारंवारता आधी किती होती, नंतर किती आली. गुण त्या शेवटच्या दोन आकड्यांतल्या फरकाला असावेत, आणि तो फरक का आला याच्या कारणाला त्याहून जास्त.